दुसरा ठिपका

नाही, पण माणसाने वाट तरी कशाची बघावी? रिक्षाची बघा, नळाच्या पाण्याची बघा, आमच्या हेंद्रेपाड्यात सगळे तीच बघत असतात... पण स्वतःचा डोळा जायची? तुम्हाला सांगते, आमचे पप्पा, रामभाऊ, दिवाळीपासून गपचूप बसून तीच वाट बघत होते आणि घरात कुणाला पत्ता नाही! उजव्या डोळ्यासमोर, वर कोपऱ्यात, काळा ठिपका. आला तो गेलाच नाही. तुमच्यासमोर आला तर तुम्ही घर डोक्यावर घ्याल की नाही? पप्पा काय म्हणाले? "हा पहिला आहे. दुसरा ठिपका येऊ दे, मग बघू."

आता हे कळायला पप्पांची नोकरी माहीत पाहिजे. पप्पा टॉकीजमध्ये ऑपरेटर, उल्हासनगर कॅम्प पाचला, उमेदीची सगळी वर्षं त्या केबिनमध्ये गेली. तेव्हा सिनेमा रिळांवर यायचा, मशिनं दोन, आणि एकावरचं रीळ संपत आलं की पडद्यावर उजवीकडे वर कोपऱ्यात एक ठिपका यायचा, पापणी लवेपर्यंत गायब! पब्लिकला कधी दिसलाच नाही, पब्लिक हिरॉइन बघतंय. ऑपरेटरने ठिपका बघायचा. पहिला आला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची आणि खटक्यावर हात ठेवून थांबायचं. थां-बा-य-चं! दुसरा ठिपका आला की खटका ओढायचा, पिक्चर दुसऱ्या मशीनवर. एकदा म्हणे पप्पांनी घाई केली, पहिल्यावरच ओढला, तर हिरोची आई मरता मरता "बेटा, तेरा असली बाप..." एवढं बोलली आणि एकदम बागेत गाणं सुरू! पब्लिकने खुर्च्या उपटल्या. टॉकीजचा सिंधी शेठ धापा टाकत जिना चढून केबिनमध्ये, "अरे रामभाऊ साईं, बाप कौन था? बाहर सब मेरेको पूछ रहे हैं, बाप कौन था!" तेव्हा पप्पांनी कानाला खडा लावला तो आजतागायत.

बरं, मला कळलं कसं? स्टेशन रोडला उजवीकडून रिक्षा येतेय, हॉर्नवर हॉर्न, आणि हे सरळ चाललेत! मी कॉलर धरून मागे खेचलं. "पप्पा, दिसली नाही?" "कोपऱ्यात होती ना ती. कोपऱ्यात ठिपका आहे." असं सांगतात, जसं काही खिशात रुमाल आहे! वर म्हणे मधूनमधून चमकतंपण. चमकतं?! आणि पप्पा उलट मलाच समजावतायत, "कार्बन फडफडत असेल गं." त्या मशिनांत कार्बनच्या कांड्या जळायच्या उजेडाला, त्या फडफडायच्या. अहो, पण मशीनमध्ये! तुमच्या डोक्यात कुणी कांड्या बसवल्यात?

मी फोनवर वाचलं. वाचायला नको होतं. ठिपका, चमक, मग कडेने अंधार, मग डोळा कायमचा... रात्रभर पंखा बघत पडले. सकाळी आईला सांगितलं, तर आई, "त्यांना कळतं त्यांचं, एवढी वर्षं मशीन चालवलं." अंबरनाथहून चांगुणाआत्याचा फोन, "संध्ये, मीठ-मिरच्या ओवाळून टाक." मी म्हटलं, आत्या, आपण बौद्ध ना, आपण कधीपासून दृष्ट काढायला लागलो? "मीठ-मिरचीला कुठला धर्म असतो गं?" आणि पप्पा? "दोन डोळे कशाला असतात? मशिनंपण दोनच होती. दुसरा ठिपका येऊ दे." मी ओरडले, पप्पा, डोळ्याला रीळ नसतं! तर आईच माझ्यावर, "बापाशी असं बोलतात?" म्हणजे डोळा गेला तरी चालेल, आवाज चढता कामा नये!

शेवटी मी अपॉइंटमेंट घेतली, रिक्षात कोंबलं, उल्हासनगर. मी घड्याळ बघतेय, घाम पुसतेय, आणि कॅम्प पाचला हे एकदम, "थांबव रे!" का? तर टॉकीज! टॉकीज कसलं, आता जीन्सचं गोडाऊन. पप्पा उतरून वर केबिनच्या खिडकीकडे बघत उभे. मी मागून, पप्पा चला, पप्पा नंबर जाईल, पप्पा मी आता रडेन हां... आणि पप्पांनी डावा डोळा हाताने झाकला. बराच वेळ. मग हळूच म्हणाले, "संध्या... खिडकीचा वरचा कोपरा दिसत नाही गं." माझा हात घट्ट धरला. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, हे माझ्यावर ओरडले तर किती बरं होईल.

दवाखान्यात मात्र काळोखी खोली, मधोमध एकच उजेडाचा झोत... झालं, माणूस परत ड्युटीवर! "बाई, फोकस जरा डावीकडे घ्या. काच पुसा, धूळ आहे." डॉक्टरीण माझ्याच वयाची, बिचारीने खरंच पुसली! म्हणाली, "काका, पडद्याला चीर पडलीय." पप्पा म्हणतात, "असू दे, आमच्या पडद्याला कुणी सोड्याची बाटली मारली होती, ठिगळ लावून वर्षभर चालवला." "मग लेझरने आपण ठिगळच लावू," ती म्हणाली आणि त्याच दिवशी लावलं. मी बाहेर बाकावर, सगळी नखं खाऊन संपली.

वाचला डोळा! काठावर वाचला, ती म्हणाली. मी आता पप्पांना सुनावणार, तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात ती म्हणते, "ठिपका एवढ्यात जाणार नाही काका, त्याला घाबरू नका. लक्ष ठेवा. दुसरा ठिपका आला, की लगेच या."

पप्पांनी सावकाश मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. एका डोळ्याने. दुसऱ्यावर पट्टी होती. पण तुम्हाला सांगते, दोन्ही डोळ्यांनी कुणी मला इतकं कधी बघितलं नसेल!

तेव्हापासून घरात हेच. पप्पा आरामखुर्चीत मजेत आणि मी येता-जाता, पप्पा, आला का? पप्पा, नीट बघा, आला का? "थांब गं. घाई केली की आई मरते आणि बाप कळत नाही."

आणि मी, एम.कॉम. फर्स्ट क्लास, फोनवर रिक्षावाल्याचा नंबर काढून, त्यावर बोट ठेवून बसलेय... दुसरा ठिपका येऊ दे.