चौथी पायरी

ऑलिव्ह : चहा गार झाला तुझा. टीव्हीसमोर असा बसलायस, जशी काही शर्यतच सुटायचीय.

क्लिफर्ड : गप गं. आता टिलीचाच प्रसंग येईल.

ऑलिव्ह : येईल की. जिना चढून नवरदेवाचा बूट पळवायचा होता ना तिला? आणि चित्रीकरणाला दोनशे प्रेक्षकांसमोर बाईसाहेब चौथ्या पायरीवर जाऊन उभ्याच राहिल्या.

क्लिफर्ड : लोक पोट धरून हसले. विनोदी मालिकेत कुत्रीकडून आणखी काय पाहिजे?

ऑलिव्ह : ते तुला हसले. जिन्याच्या वर पालथा पडून तिला सॉसेज दाखवत होतास.

क्लिफर्ड : चाळीस वर्षं शर्यतीची कुत्री तयार करतोय मी. पत्र्याच्या खोलीत वाढलेली ती, जिना म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसतं. हिला तीन आठवडे घरात आणून एकेक पायरी शिकवली. रोज सकाळी माझ्याबरोबर तेराच्या तेरा चढायची. मग तिथंच काय झालं?

ऑलिव्ह : दिवे बघून बिचकली असेल.

क्लिफर्ड : बिचकलेलं कुत्रं शेपूट पायांत घालतं. ही हलवत होती. ते जाऊ दे, पाठ कशी आहे तुझी?

ऑलिव्ह : बरी आहे. तू चोळतोस त्या कुत्र्यांच्या तेलाचा वास तेवढा जात नाही अंगाचा. चर्चमध्ये बाक रिकामा होतो शेजारचा.

क्लिफर्ड : बटाटे कोण काढायला सांगतं तुला या वयात? आणि टिलीचं पांघरूण परत धुतलंस? काल धुतलं होतंस.

ऑलिव्ह : सहा वाजता मिसेस प्रॉक्टर न्यायला येणार. नव्या घरी काय कळकट पांघरुणात पाठवू?

क्लिफर्ड : चांगली माणसं आहेत, ऑलिव्ह. मोठी बाग आहे. शर्यती धावून झालेलं कुत्रं आपण ठेवत नाही. एक ठेवलं की सगळीच ठेवावी लागतात.

ऑलिव्ह : मी काही म्हणाले का? तुझा नियम, तूच पाळ.

क्लिफर्ड : लागलं, लागलं. बघ. एक, दोन, तीन, चार... आणि थांबली. अगं, ही माझ्याकडे बघतच नाहीये. खाली, कडेला बघतेय. कोण होतं तिकडे?

ऑलिव्ह : असेल कुणीतरी दिवेवाला.

क्लिफर्ड : दिवेवाल्याला बघून शेपूट हलवेल ती? ऑलिव्ह, तू कुठे उभी होतीस?

ऑलिव्ह : ... तिथंच.

क्लिफर्ड : म्हणजे?

ऑलिव्ह : तू दुपारी बाकीच्या कुत्र्यांना फिरवायला जायचास. ही माझ्या मागे जिन्यावर यायची. चौथ्या पायरीवर पाय लटपटायचे रे तिचे. माझ्याकडे असं काही बघायची, की मी उचलून वर न्यायचे.

क्लिफर्ड : उचलून? अठ्ठावीस किलोंची कुत्री?

ऑलिव्ह : रोज. पुढे पुढे ती मुद्दाम चौथीवर थांबायला लागली. मला कळत होतं, तरी उचलायचे.

क्लिफर्ड : आणि मी रोज बटाट्यांना शिव्या देत तुझी पाठ चोळतोय.

ऑलिव्ह : बटाटे जूनमध्येच काढले होते. तेव्हापासून तेच खातोयस, तुला कळायला हवं होतं.

क्लिफर्ड : मला सांगायचं तरी.

ऑलिव्ह : काय सांगणार? चाळीस वर्षांत एकही कुत्रं ठेव म्हटलं नाही तुला. हिच्याशिवाय मला करमणार नाही, एवढंच होतं सांगण्यासारखं.

(दारावरची घंटा वाजते.)

क्लिफर्ड : बस तू. मी उघडतो.

ऑलिव्ह : थांब, पांघरूण आणते.

क्लिफर्ड : राहू दे ते. मिसेस प्रॉक्टरना सांगतो, कुत्री अजून तयार नाही. जिना येत नाही तिला.

ऑलिव्ह : तेराच्या तेरा येतात म्हणालास ना आत्ता?

क्लिफर्ड : माझ्याबरोबर येतात. तुझ्याबरोबर नऊ राहिल्यात.

ऑलिव्ह : आणि किती दिवस लागतील, असं विचारलं तर?

क्लिफर्ड : सांगेन, शिकवणारीची पाठ दुखतेय. सावकाश होईल.