भुरीचा रिपोर्ट

— म्हणजे निगेटिव्ह म्हणजे चांगलंच ना, मॅडम? न्हाई, मला इंग्रजी कळतं, बीएस्सी झालीय माझी, सेकंड क्लासमध्ये का होईना — पण एकदा तुमच्या तोंडून ऐकते. भुरीला तो रोग न्हाई. आधीही कधी झाल्ता, अशी खूणसुद्धा रक्तात न्हाई. फक्त कानात किडे. बसा ना, त्या खुर्चीचा पाय डुगडुगतो, बाजेवर बसा, चहा टाकते. आत्या मोसंबीला पाणी देऊन राह्यल्यात, त्यांना यायला तासभर आहे, आणि लेक अंगणवाडीत — म्हणून तर म्हटलं, आत्ताच या. कानात किडे! महिनाभर मांजर मान झटकतंय आणि आत्या, आमच्या सासूबाई, म्हणतात, "बघ, कशी करती, पाप लागलं तिला." ड्रॉप दिवसातून दोनदा? घालीन की. म्हणजे — ती असेल तोवर घालीन.

रविवारी आमचे हे तिला पोत्यात घालून लांब धावड्याकडं सोडून येणार आहेत. मागच्या खेपेला तुम्हाला सांगितलं न्हाई. कसं सांगणार, रक्त काढताना तुम्ही तिच्याशी किती लाडानं बोलत होत्या. तुम्ही पायाचे केस काढले ना, तिथं अजून उगवले न्हाईत, माझी बबडी त्याला "भुलीची खिडकी" म्हणते. साठ मांजरं तपासून राह्यल्या ना तुम्ही अभ्यासासाठी? तुमच्याकडं भुरी म्हणजे तक्त्यातली एक ओळ. आमच्याकडं सगळं घर तिच्यावर टेकलंय.

सांगते. पाचव्या महिन्यात माझं बाळ गेलं. दोन महिने झाले. मंग घरात कारण शोधणं सुरू झालं — आधी माझं अंगच बारीक, मंग मी हंडा का उचलला, मंग एक दिवस आत्या म्हणाल्या, "हिची ती सोनोग्राफीची फाईल दाखवा बरं कल्याणच्या बायकोला." कल्याण म्हणजे माझे चुलतदीर, त्यांची बायको नर्स आहे. आणि तेव्हा मी म्हणाले, "आत्या, मांजरामुळं पण होतं." हो, मीच म्हणाले. मोबाईलवर वाचलं होतं, खरंच वाचलं होतं — मांजराच्या घाणीतून जंतू पोटात जातो, गरोदर बाईला धोका — तुम्हीपण म्हणाल्या, होऊ शकतं. मी व्हिडिओ काढून दाखवला, आवाज मोठा करून. आणि घर गप झालं, मॅडम. आत्यांनी मला डिंकाचे लाडू केले. सगळ्यांनी मिळून भुरीला शिव्या दिल्या, मी पण दिल्या, एकदा झाडू फेकून मारला. बबडीनं विचारलं, "आई, भुलीनं बाळ खाल्लं का?" काय सांगणार? मी म्हटलं, जेव.

मंग तुम्ही मांजरं शोधत आल्या. मी लगेच हो का म्हणाले, सांगू? मला वाटलं, तुमचा शिक्क्याचा कागद माझ्या बाजूनं येईल. गावभर हिंडणारं, उंदीर खाणारं मांजर — त्याच्यात असणारच ना तो जंतू? तर आमचीच तेवढी सोवळी निघाली. — चहा घ्या, गार होतोय. — बरं, माती? न धुतलेली भाजी? तुमच्याच पत्रकात लिहिलंय की त्याच्यातूनही होतं. तसं काही लिहून देता येईल का? … बराबर आहे. माझं रक्त तुम्ही तपासलं न्हाई. माझं कुणीच न्हाई तपासलं. भुरीचं तपासलं.

ती फाईल न्हाईये, मॅडम. म्हणजे शेवटच्या सोनोग्राफीचं त्याच्यात काहीच न्हाई. त्या रविवारी मी सोनोग्राफीला जाते म्हणून गेले आणि टीईटीचा पेपर दिला, मास्तरीण व्हायची परीक्षा. जुन्या जालन्यातल्या शाळेत नंबर आल्ता. यांनी सांगून ठेवलं होतं, बाळ होईपर्यंत परीक्षा बिलकुल न्हाई, पुढं बघू — बबडीच्या वेळी पण पुढं बघूच होतं. एसटीत येताना उभी आले. घरी विचारलं, काय म्हणले डॉक्टर? मी म्हटलं, सगळं चांगलं आहे, ठोके बराबर आहेत. रविवारी ते सेंटर बंद असतं, हे कुणाच्या लक्षातच आलं न्हाई. मी इतकी शिकलेली ना — सगळ्यांना खरंच वाटतं मी सांगितलेलं. बारा दिवसांनी ते झालं. दवाखान्यात म्हणाले, प्रवासानं असं होत न्हाई, पुष्कळदा कारण सापडत न्हाई. आता हे घरी कसं सांगू? इथं म्हशीनं अर्धा लिटर दूध कमी दिलं तरी संध्याकाळपर्यंत कारण सापडतं. आणि मी गेले असते त्या दिवशी, तर काही दिसलं असतं का? — तुम्ही जनावरांच्या डॉक्टर, तुम्हाला काय विचारते मी.

तर असं करू. कागद माझ्याकडं द्या. मी सांगते, मांजरातच निघालं. तुमच्या अभ्यासात तुम्ही खरं तेच लिहा, आमच्या घरात तेवढं — भुरी तशीही जाणारच आहे. मान हलवू नका, मॅडम, तुमचं काय जातं? … काय? सकाळीच पाठवला? सगळ्या मालकांना मेसेज? पण माझ्या मोबाईलवर तर — कोणत्या नंबरवर?

फॉर्मवर मालकाचं नाव होतं. मीच भरला. या घरात कुठलाही कागद येऊ द्या, गॅसचा, रेशनचा, मालक म्हटलं की माझा हात आपोआप मामांचं नाव लिहितो — अप्पाराव — आणि खाली मामांचा नंबर. मांजर मी आणलं, दूध मी पाजलं, मालक सासरे. मामांना वाचता येत न्हाई, त्यांचे मेसेज मीच वाचून दाखवते. पण आत्ता ते केदारखेड्याला हॉटेलात बसलेत, आणि तिथं फोन वाजला की जो जवळ असेल त्याच्या हातात देतात, "वाच बरं काय आलंय." आणि तुम्ही तो मराठीत पाठवला असंल. सोप्या मराठीत. लोकांना कळावं म्हणून.

थांबा. मामाच आहेत.

हो मामा. … हो, आल्यात त्या, इथंच आहेत. … कुणाकून वाचून घेतला? … हो, तसंच लिहिलंय. मांजराला काही न्हाई. … मंग कशानं, ते — ते त्यांना कसं माहीत असंल, मामा. … फाईल? … कपाटात. … कपाटातच असंल. … आत्ता? दोघं पण? … बरं. या.

कल्याणच्या बायकोला संगं घेऊन येऊन राह्यलेत. गाडीवर. तुम्ही निघा, मॅडम. चहा राहू द्या. हा कागद — ठेवा इथंच. न्हाई, घेऊन जा. न्हाई — असू द्या. जा तुम्ही.