न्हाणीतला तलाव

गुणवंतराव : दार लोटू नको, उमाजी. पाय मधात टाकला हाय मी.

उमाजी : काढा मंग पाय. प्रफुल ड्युटीवर गेला. घर त्याचं हाय, त्याच्यासंग बोला.

गुणवंतराव : तुझ्या पोरासंग बोलून बोलून तोंड दुखलं माझं! आज पाहतो म्हणते, उद्या पाहतो म्हणते. इकडे माझ्या छताचा पपडा पडला आज. कुठी पडला माहीत हाय? आशाच्या उशीपाशी!

कुंता : अगाई! बाईले लागलं का?

गुणवंतराव : लागलं असतं तरी सांगतलं असतं का तिनं? लकवा मारल्यापासून माझ्या बायकोच्या तोंडातून शब्द फुटत नाई. तुमच्या घरचं पाणी टपकते अन् थे निस्ती वर पाहून राह्यते. होल्डरमधी पाणी उतरलं म्हणून पंखा बंद केला. गडचिरोलीचा मे महिना, अन् मी पुठ्ठ्यानं वारा घालून राह्यलो.

उमाजी : खाट सरकवा.

गुणवंतराव : कुठी सरकवू? तुझ्या डोक्यावर? एका खोलीत पोरगा-सून, एका खोलीत आम्ही. प्लंबर येऊन पाहून गेला. पाईप धड हाय म्हणे, वरच्या न्हाणीत पाणी तुंबवून ठेवलं कोणीतरी. कायचं पाणी तुंबवलं बे तू?

उमाजी : आमची न्हाणी. आम्ही काहीबी करू.

गुणवंतराव : दाखव मले.

कुंता : काऊन वो भाऊ? लोकाच्या न्हाणीत घुसता? गावचे सरपंच असान तं गावात. इथी नाई.

गुणवंतराव : तू मधात बोलू नको, कुंता. सरक बाजूले.

(तो न्हाणीचं दार ढकलतो. आतलं पाणी सपकन त्याच्या अंगावर उडतं.)

गुणवंतराव : अबे! हे काय हाय?

उमाजी : हळू बोला. बुजतेत त्या.

गुणवंतराव : मरळी? न्हाणीत मासोळ्या? हातभर एकेक! अन् खाली चिखल? टाइल्सवर चिखल टाकला तू?

उमाजी : तलावातला गाळ हाय. मरळीले चिखल लागते. अन् गाळ बसला का पाणी झिरपत नाई. तलावाचं बूड असंच बसते.

गुणवंतराव : तलाव हाय का बे हा? सिमेंटचा स्लॅब हाय! तुझ्या चिखलानं त्याच्या भेगा बुजतेत का?

उमाजी : बुजतीन. टाइम लागते जरासा.

गुणवंतराव : टाइम लागते! माझी बायको खाली भिजून राह्यली अन् याले टाइम लागते! विकून टाकायच्या ना बाजारात. नाईतर खाऊन घे.

कुंता : विकायच्या नाई, अन् खायच्याबी नाई. पोटात अंडे हायेत त्यांच्या.

उमाजी : आपल्या गावच्या तलावातल्या हायेत, भाऊ. एवढ्याच वाचल्या. तलावाच्या पाळीचं दार, तुडूम, कोणं उघडलं? सारं पाणी वावरात कोणं नेलं?

गुणवंतराव : आता तुडूम काऊन काढतं मधात? उन्हाळी धान उभं होतं. वाळून राह्यलं होतं. आज्या-पणज्यानं तलाव बांधला थो धानासाठीच बांधला.

उमाजी : बुडाशी जरासं पाणी ठेवा म्हणलं होतं. ग्रामसभेत हात जोडले होते मी. तुमी सगळ्यायसमोर म्हणले, मासोळीनं चार ढीवरायचं पोट भरते, धानानं गावाचं भरते.

गुणवंतराव : मंग, खोटं म्हणलं का?

कुंता : नाई ना! खरंच म्हणले. त्या खऱ्यापायी साऱ्या मासोळ्या चिखलात तडफडून मेल्या. बगळे खाऊन कंटाळले. हा माणूस दिवसभर चिखलात हात घालून एकेक मरळ हुडकत होता. ओल्या पोत्यात घालून टेम्पोनं इथी आणल्या, तवा कुठी पाणी पेला.

उमाजी : पावसात तलाव भरन. मच्छी सोसायटीवाले रोहू-कटल्याचं बीज आणून टाकतीन. मरळीचं कोणी आणत नाई. थे पहिल्या पावसात जागच्या जागी पिल्लं काढते अन् तिथीच बसून राखते. ह्या मेल्या तं आपल्या तलावातली मरळ संपली.

गुणवंतराव : संपली तं संपू दे! माझी बायको काय तुझ्या मरळीहून हलकी झाली?

उमाजी : मी कवा म्हणलं तसं?

कुंता : मी म्हणतो ना भाऊ. गावात तलावाचं पाणी तुमच्याच वावरात गेलं, इथीबी तुमच्याच घरात चाललं. तवा गोड लागलं, मंग आता काऊन बोंबलता?

गुणवंतराव : जास्त जीभ चालवू नको! बोळा कुठी कोंबला? मोरीचं तोंड कुठी हाय? मीच काढतो.

उमाजी : हात घालू नका. चावतेत. अंड्यावरची मरळ कोणाची नसते.

गुणवंतराव : चावू दे. खाली जाऊन तिले काय सांगू मी? का उमाजीची मासोळी गरोदर हाय, तू मर?

उमाजी : हात काढा, भाऊ! सांगून राह्यलो, हात काढा, नाईतर धरून काढीन!

कुंता : तुमीच काढा बोळा.

उमाजी : काय म्हणलं?

कुंता : तुमालेच म्हणलं. काढा. पपडा तोंडापाशी पडून राह्यला अन् त्या बाईले मान फिरवता येत नाई. मासोळीले ओल्या पोत्यात टाकलं तं जगते जराशी. मी पोतं भिजवतो.

उमाजी : अन् मंग?

कुंता : मंगचं मले माहीत नाई. काढा.

उमाजी : ...घ्या. काढला. ऐका आता पाणी जाताना. झालं समाधान?

गुणवंतराव : समाधान काय बे त्यात? ...आता कुठी नेतं ह्याइले?

उमाजी : काय सांगू. ड्रममधी डोकं आपटून मरतेत. वावरातल्या तळ्या-बोड्या आटल्या. नदीत सोडल्या तं कोणाच्या जाळ्यात जातीन.

गुणवंतराव : माझ्या वावरातल्या विहिरीत पाणी हाय.

कुंता : ऐका! हे ऐका आता!

गुणवंतराव : तुझ्यासंग नाई बोलून राह्यलो मी. विहिरीवर जाळी हाय, जाळीले कुलूप हाय. कोणी गळ टाकत नाई तिथी.

उमाजी : तुमच्या विहिरीत? माझ्या मरळी?

गुणवंतराव : उपकार नाई करून राह्यलो. माझं छत सुकलं पाह्यजे. सोय नाई झाली तं तू पुन्हा न्हाणी भरशीन, ओळखतो तुले. हे चाबी. पाऊस आला का काढून घेजो.

उमाजी : काढून तलावातच सोडीन. पुढच्या उन्हाळ्याचं बोला. तुडूम उघडान का बंद ठेवान?

गुणवंतराव : आता थे कायले?

उमाजी : सांगा.

कुंता : ठेवतो म्हणा ना भाऊ. म्हणायले काय जाते तुमचं?

गुणवंतराव : नाई म्हणत. धान वाळायले लागलं तं उघडीन मी. हात जोडशीन तरी उघडीन.

उमाजी : बुडाशीबी नाई ठेवनार?

गुणवंतराव : तवाचं तवा. आज नाई सांगत.

उमाजी : बंद ठेवतो म्हणले असते तं खोटं समजून हात नसता लावला मी तुमच्या चाबीले. आणा इकडे.