सोड्यावर पाणी

पाटोद्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात वनमाला नंबराची वाट पाहत बसली होती. तेवढ्यात आतून एक सासू-सून बाहेर आल्या आणि तिच्याच बाकड्यावर टेकल्या. सासूचा डोळा लालबुंद झाला होता, पण रडत होती सून. वनमालाने सरकून जागा केली आणि आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली.

"डोळा शाबूत हाय म्हणले ना डॉक्टर? तुमी नीट ऐकलं ना, आत्याबाई?"

"ऐकलं की. मग आता रडतीस कावून?"

"जीव भांड्यात पडला म्हणून. पर तुमी त्या सोड्यावर पाणी ओतलंच कावून?"

"तू साबणासाठी खोबरेल पातळ करीत होतीस. म्हणलं, तेवढाच हातभार."

"कास्टिक सोडा हाय तो. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात सोडा हळूहळू सोडायचा. उलटं केलं की उसळतंय."

"मला काय ठावं? मी धुण्याचा सोडा समजले."

"मीच सांगाया पायजे होतं. जाऊ द्या, बंद करते ही हौस. सगळं सामान फेकून देते."

"गप बस. लगोलग नळाखाली डोळा धरला म्हणून वाचला, म्हणले ना डॉक्टर? कुणी धरला?"

"मीच."

"मग?"

"घरी काय सांगायचं?"

"सांगते मी, माझ्याच हातून झालं. खरंच हाय ते."

"तुमाला त्या सोड्याचं भ्याव न्हाई वाटत?"

"लई वाटतंय. म्हणून जाताना ते डोळे झाकायचे चष्मे घेऊ."

"चष्मे?"

"एक तुला, एक मला."