गाळलेल्या जागा

बहिरा नाही हो मी! तुम्हाला सांगतो, घरात, कारखान्यात, जो उठतो तो माझ्या कानाशी येऊन बोंबलतो... अरे, ऐकू येतं मला!

सव्वीस वर्षं खिळ्यांच्या कारखान्यात काढली. एका छपराखाली चाळीस मशिनं, प्रत्येक मशीन तारेवर घण घालतंय, ठाण ठाण ठाण! कानावर घालायला झाकणं दिली होती, नाही असं नाही. सुपरवायझर रोज कोकलायचा, "घाला रे, पस्तावाल!" पण ती घातली की घाम येतो, कान खाजतो... शिवाय ऐकू येत होतं ना मला! मग कशाला?

आता बायकोचं ऐका. दारातून ओरडली, "अहो, सून आली!" मला ऐकू आलं, ऊन आलं. मी आतूनच म्हटलं, "मग लाव दार!" नवी सून, हातात बॅग, उंबऱ्यावर उभी... आल्या पावली परत निघाली हो! आम्ही आठवडाभर हसलो. हसलो! तिथेच कान टोचून घ्यायला हवे होते.

कारण पुढच्याच महिन्यात तार अडकली. माझा जोडीदार, एकोणीस वर्षं एकाच मशीनवरचा जोडीदार, आम्ही त्याला गवई म्हणायचो, ठणठणाटातही गुणगुणायचा म्हणून. आमचं मशीन बंद केलं, बाकीची चालूच. गवई आत हात घालून गुंता सोडवतोय, तारेचं टोक बाहेर माझ्या हातात. आणि तो ओरडला. ऐकू आलं मला! "ओढ! ओढ!" मी पाय रोवले, अख्खं अंग टाकलं आणि ओढली.

तो म्हणत होता, "सोड."

तारेचा फास त्याच्या बोटांवर बसला होता. मी ओढतोय, तो ओरडतोय. तो जितका ओरडतोय, मी तितका जोर लावतोय... दोन बोटं गेली. उजव्या हाताची.

मग मला धाडलं कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे. काचेच्या खोलीत बसवलं, शिट्ट्या वाजवल्या म्हणे. कुठल्या शिट्ट्या? मला तर शांतताच ऐकू आली! बाई म्हणाल्या, "काका, कानाच्या आत बारीक केस असतात, आवाजाने ते झडतात." म्हटलं, डोक्यावरचे गेले ते आरशात तरी दिसले! "परत येतील?" "नाही. स, श, फ ही बारीक अक्षरं आता गळणार. मग मेंदू आपल्या मनाने गाळलेल्या जागा भरतो." बघा! शाळेत एक गाळलेली जागा धड भरली नाही मी, आणि हा मेंदू मला न विचारता दिवसभर भरतोय!

परवा गवईकडे गेलो. हाताला पट्टी, गुणगुणणं बंद. मी म्हटलं, "चुकलो रे." त्याने मान खाली घातली, काहीतरी पुटपुटला. ऐकू आलं मला! "मा... केलं..." एवढं! म्हणजे एकतर "माफ केलं" म्हणाला, नाहीतर "मातेरं केलंस"...

पुन्हा कसं विचारू? तुम्हीच सांगा, कुठल्या तोंडाने विचारू?

मी आपलं "हो" म्हणालो. दोन्हीला चालतं.