इच्छुक विद्यार्थी

मावशी : हे सव्वीस फॉर्म कुठले म्हणालीस?

भाची : रंगाच्या कारखान्यामागच्या गल्लीतले. का गं, अक्षर लागत नाही का?

मावशी : लागतंय. त्या गल्लीत तुला कोणी पाठवलं?

भाची : कोणी नाही. तूच म्हणालीस ना, मॅनेजमेंट आणि अर्थशास्त्राच्या नव्या संकुलाला तीनशे इच्छुक विद्यार्थी दाखवले नाहीत, तर उद्या विद्यापीठाची समिती प्रस्ताव गुंडाळून ठेवेल. थोडे कमी पडत होते. आज सकाळी तिकडून येत होते, दारं उघडी दिसली. शिरले. तीनशे अकरा झाले बघ.

मावशी : आणि लोक भेटले.

भाची : भेटले म्हणजे? बसायला सतरंजी टाकली. इतकं नीट कोणी ऐकूनच घेतलं नव्हतं. बाकी ठिकाणी मॅनेजमेंट म्हटलं की गाडी फीवर येते. हे विचारत होते, मालाची किंमत कोण ठरवतं ते शिकवणार का, कारखाना चालवायचा कसा ते शिकवणार का. एक आजी म्हणाल्या, पाळी सहाला सुटते, वर्ग संध्याकाळी ठेवा.

मावशी : कारखाना बंद होऊन चौतीस वर्षं झाली.

भाची : म्हातारं माणूस. बोलतं जुनं.

मावशी : बॉयलर फुटला तेव्हा गल्लीत होते तेवढे सगळे गेले. नंतर तिथे कोणी राहायला आलंच नाही.

भाची : मावशी, उगाच घाबरवू नकोस. मी पाणी प्यायलेय त्यांच्याकडे.

मावशी : हा फॉर्म बघ. आडनाव वाच.

भाची : वाचलंय. माझ्या आजोळचंच. म्हटलं, असतात एका आडनावाचे.

मावशी : वय?

भाची : एकोणीस.

मावशी : तुझा मोठा मामा. त्या दिवशी माझी परीक्षा होती, तुझी आई सोबत आली होती. म्हणून आम्ही दोघी उरलो.

भाची : आईनं कधी त्याचं नावही काढलं नाही.

मावशी : माझ्यापाशीही काढत नाही. अक्षर त्याचंच आहे. 'श'ला असं शेपूट तोच काढायचा. मार खाल्ला, पण सुधारला नाही.

भाची : मग आता? समितीतलं कोणी त्या गल्लीत जाऊन बघणार नाही. तीनशे अकरा म्हटलं की विषय संपला. चार वर्षं खपलीस तू यासाठी.

मावशी : मेलेल्यांची मागणी दाखवून जिवंतांना अर्थशास्त्र शिकवू? बाजूला काढ ते. वर्षभर मागे पडेल, पडू दे.

भाची : पण मी त्यांना जूनचा शब्द दिलाय. वाट बघतील गं ते.

मावशी : हं. चप्पल घाल, चल.

(त्याच गल्लीत. अजून ऊन आहे.)

भाची : सकाळी उघडी होती सगळी. आता कुलपं बघ, गंजून दाराला चिकटलीत.

मावशी : तू मागे थांब. आमचं घर हे तिसरं.

भाची : कडी वाजवू नकोस ना.

मावशी : दादा, मी आलेय. तुमचे फॉर्म मला पुढे पाठवता येणार नाहीत. जूनमध्ये काही होत नाही. एक वर्ष तरी थांबावं लागेल.

भाची : चल आता, मावशी. ऐकायला आहे कोण इथे?

आतून : थांबू की. घाई कोणाला आहे?