किसनभाऊंच्या दोन चाळी

चाळीपायी आमच्या शेजारच्या किसनभाऊंच्या दत्तूचं लग्न मोडता मोडता राहिलं, ते ऐका. मे महिना. सगळं घर कांद्याच्या चाळीत सडका माल निवडत बसलेलं, तेवढ्यात नाशिकहून पोरीचे आईबाप आले. मुलाच्या दोन चाळी आहेत, एवढंच मध्यस्थानं त्यांना सांगितलेलं. मीही चहा करायच्या निमित्तानं जाऊन बसले.

पोरीच्या बापानं विचारलं, "चाळीतले फार त्रास देतात का हो?"

"लय!" किसनभाऊ घाम पुसत म्हणाले. "एक सडका निघाला की शेजारच्यालाही नासवतो. दिसला की उचलून बाहेर फेकायचा."

"अहो, पोलीस येतील!"

"येतात की. मागं फौजदारसाहेब अर्धं पोतं घेऊन गेले."

पाहुणे चपला शोधायला लागले. मग मीच दोघांना चाळीपुढं नेऊन उभं केलं. "अहो, भाडेकरू नाय, कांदे हायेत!"

बापाचं तोंड उतरलं. पोरीची आई मात्र नाकाला पदर लावून म्हणाली, "आपला मेला भाडेकरू आपण कोर्टात जाऊनही हलत नाही. यांचे निदान फेकता तरी येतात. पक्कं करून टाका!"